परसबागेसाठी कणखर गुलाब : निवड कशी करावी

घराच्या अंगणात एखादे तरी गुलाबाचे झाड असावे, असे न वाटणारे कुटुंब विरळाच. मृगाचा पाऊस पडला, की गावोगावी रोपांच्या हातगाड्या फिरू लागतात. टपोऱ्या फुलाने लवलेले रोप पाहून मन मोहते आणि ते हौसेने घरी आणले जाते. श्रावणात ते पालवते, दिवाळीच्या सुमारास दोन-चार फुले देते आणि चैत्र-वैशाखाच्या झळा लागताच शेंड्याकडून काळे पडत खाली वाळत जाते. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावले जाते. असे दोन-तीन वेळा घडले, म्हणजे 'आमच्या मातीत गुलाब येत नाही' असा निर्णय होऊन त्या जागी कण्हेर किंवा जास्वंद येते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात हा प्रकार विशेष आढळतो. त्याचा दोष मात्र मातीच्या माथी मारणे बरोबर नाही. चूक बहुधा रोप विकत घेतानाच झालेली असते. फुलाकडे पाहून रोप निवडले जाते. झाड कोणत्या मुळावर उभे आहे आणि येथील उन्हाळा ते सोसू शकेल काय, याची चौकशी कोणी करीत नाही.

या शहरास बागांची परंपरा जुनी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसविली आणि डोंगरांच्या पोटातून भूमिगत नहर काढून तिला बारमाही पाणी दिले. पुढे बीबी का मकबऱ्याभोवतीचा चारबाग, हिमायतबाग, पाणचक्कीचा हौद, हे सारे अशाच वाहत्या पाण्याच्या बळावर उभे राहिले. त्या बागांमध्ये मुळाशी सदैव ओलावा असे आणि निगेस माळी असत. आजच्या घरबागेची स्थिती अगदी निराळी आहे. पाऊस सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर, तोही लहरी. पैठणच्या नाथसागरातून येणारे नळाचे पाणी शहराला अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आले. खेड्यांत विहीर व विंधनविहीर यांवर भिस्त. ते पाणी जड आणि उन्हाळ्यात अपुरे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. अशा ठिकाणी जो गुलाब लावावयाचा, तो वैशाख ओलांडणारा असला पाहिजे. ही एकच कसोटी नवशिक्याने धरली, तरी निम्मे काम झाले.

'गुलाब रानटी झाला' म्हणजे काय?

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे व सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे गुलाबाविषयी जी गाऱ्हाणी येतात, त्यांत एक ठरलेले असते : 'लाल फुलाचे रोप आणले होते, आता त्याला फिकट गुलाबी फुले येतात', किंवा 'झाड वाढते पुरुषभर, पण फूल एक नाही.' काही ठिकाणी याचा संबंध खताशी, तर काही ठिकाणी दृष्ट लागण्याशी जोडला जातो. कारण मात्र साधे आहे.

बाजारात मिळणारे बहुतेक गुलाब डोळा भरून तयार केलेले असतात. आंब्याचे कलम जसे दोन झाडांचे मिळून असते, तसेच हे रोपही दोन झाडांचे असते. खालचा खुंट एका जातीचा आणि त्यावर भरलेला डोळा दुसऱ्या जातीचा. वरच्या नाजूक जातीची फांदी उन्हाने किंवा शेंडेमर रोगाने वाळली, तरी खालचा खुंट जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर जोमाने फुटतो. घरच्या मंडळींना वाटते, झाड सावरले. ती त्याला पाणी घालतात, शेणखत घालतात आणि वर्ष-दोन वर्षे खुंटाचीच जोपासना करीत राहतात. खुंट 'एडवर्ड' जातीचा असेल, तर त्याला सुवासिक गुलाबी फुले येतात आणि गुलाबाने रंग बदलला असा समज होतो. खुंट 'रोझा मल्टिफ्लोरा'चा असेल, तर नुसत्याच लांब फांद्या सुटतात. वर्षातून एखादे वेळी बारीक पांढरट फुलांचे झुबके आले तर आले.

खुंटाची फूट पानांच्या संख्येवरून ओळखावी, असे पुष्कळ जण सांगतात. पाच पर्णिका असल्या तर कलमाची आणि सात असल्या तर खुंटाची, हा नियम भरवशाचा नाही. कलमाच्या जोमदार फुटीलाही सात पर्णिका येतात. खात्रीची खूण म्हणजे फूट निघण्याची जागा. बुडाशी जेथे डोळा भरला आहे तेथे गाठीसारखा फुगवटा असतो. त्याच्या वरून निघालेली फूट आपली. खालून निघालेली परकी. परकी फूट कात्रीने कापल्यास तिच्या जागी आणखी दोन येतात. माती थोडी उकरून ती मुळापासून हिसडून काढावी. मल्टिफ्लोराची आणखी एक खूण अशी, की पानाच्या देठाच्या बुडाशी झालरीसारखे बारीक केसाळ उपपर्ण असते.

हा खुलासा विस्ताराने करण्याचे कारण असे, की नवशिक्याने कोणता गुलाब घ्यावा याचे उत्तर यातूनच मिळते. ज्या झाडाचे मूळ व शेंडा एकच आहे, म्हणजे जे फांदीच्या छाटापासून वाढविलेले आहे, ते उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळले तरी पावसाळ्यात पुन्हा त्याच जातीचे होऊन उगवते. त्यात फसगत होण्यास जागाच नाही. पहिल्या वर्षी अशा झाडाची वाढ कलमापेक्षा सावकाश होते, एवढाच त्याचा उणेपणा. तो पत्करावा.

पहिले झाड कोणते लावावे?

पहिला मान गावठी गुलाबाचा. आपल्याकडे या नावाखाली एकच जात नसून दोन-तीन सुवासिक गुलाबी जाती मोडतात. त्यांपैकी 'एडवर्ड' ही मूळची हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावरची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती तेथे आढळली आणि भारतात चांगलीच रुळली. फूल मध्यम, गुलाबी, पाकळ्या सैल, वास भरपूर. फुलदाणीत ते दोन दिवसही टिकत नाही हे खरे. पण देवपूजेला, वेणीला, गुलकंदाला त्याच्यासारखे दुसरे नाही. छाटापासून सहज येते. खुंट म्हणून ज्याच्यावर इतर गुलाबांचा भार टाकला जातो, त्या झाडाच्या काटकपणाविषयी निराळे प्रमाण नको.

दुसरी जात 'ग्रुस आन टेप्लिट्झ'. नाव परके व अवघड असले, तरी झाड अत्यंत आपलेसे आहे. रुडॉल्फ गेश्विंड या संवर्धकाने ती १८९७ साली प्रसृत केली. गडद किरमिजी, सुवासिक, झुबक्यांनी येणारी फुले वर्षभर थोडीफार चालूच राहतात. फुलाची मान थोडी लवते, म्हणून प्रदर्शनात या गुलाबास कोणी विचारीत नाही. कुंपणाच्या कडेने ओळीत लावल्यास मात्र याची दाट वई होते. हिवाळ्यात पानांवर थोडी भुरी दिसते, तिची फारशी चिंता करू नये. हीही जात छाटापासून येते.

या दोन्हींपैकी एक झाड एक उन्हाळा जगले, की मग फ्लोरिबंडा वर्गाकडे वळावे. या वर्गात एकेका फांदीवर फुलांचा झुबका येतो. फूल लहान असते; पण एक कोमेजले तरी शेजारचे उमललेले असल्याने झाड उघडे दिसत नाही. जर्मनीतील कोर्डेस यांनी १९५८ साली काढलेली 'आइसबर्ग' ही शुभ्र जात यांत अग्रगण्य आहे. जागतिक गुलाब महासंघाने १९८३ साली तिचा गौरव केला. दमट हवेत या जातीवर काळे ठिपके पडतात, असे परदेशी पुस्तकांत वाचावयास मिळते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर तो त्रास अल्प असतो. तिला काटेही कमी, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरी ती सोयीची.

भारतात निर्माण झालेल्या जातींचा येथे अवश्य विचार व्हावा. गव्हाच्या तांबेरा-प्रतिबंधक वाणांसाठी ख्यातनाम असलेले आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचेही मोठे संवर्धक होते. आपल्या उन्हात टिकतील असे गुलाब येथेच निर्माण झाले पाहिजेत, या दृष्टीने त्यांनी अनेक जाती काढल्या. १९६३ ची 'दिल्ली प्रिन्सेस' ही त्यांची फ्लोरिबंडा जात. झुबक्यांनी येणारी भडक गुलाबी फुले हे तिचे वैशिष्ट्य. खात्रीच्या रोपवाटिकेत अशा जाती नाव घेऊन मागाव्यात. मागणी नसली, तर रोपवाटिकावालाही त्या ठेवीत नाही.

उंच झाड हवे असेल, तर १९५४ ची 'क्वीन एलिझाबेथ' घ्यावी. ती पुरुषभर वाढते, गुलाबी फुले सरळ दांड्यावर येतात आणि हयगय बरीच सोसते. तांबडा गुलाब म्हणजे 'ग्लॅडिएटर', असे समीकरण राज्यातील फूलबाजारात दीर्घकाळ होते. ही जात जोमदार खरी. पण तिचे खरे रूप नियमित छाटणी व खतपाणी असलेल्या शेतातच दिसते. घरबागेत ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लावावी.

ज्यांना अंगण नाही, त्यांनी कुंडीत बटण गुलाब लावावा. कुंडी मात्र निदान एक फूट खोल व रुंद असावी. बारा महिने तळपणाऱ्या गच्चीवर सहा इंची कुंडीत कोणताच गुलाब तग धरीत नाही.

मोहात पाडणारे गुलाब निराळेच असतात. पिवळे, केशरी आणि दुरंगी मोठे गुलाब हातगाडीवर सर्वांत आधी विकले जातात. या पिवळ्या रंगाचे मूळ इराणकडील 'रोझा फीटिडा' या जातीत आहे. फ्रान्समधील पेर्ने-द्युशे यांनी तिच्यापासून 'सोलेय दॉर' ही जात १९०० साली बाहेर आणली आणि तेव्हापासून तो रंग बागेतील गुलाबांत आला. रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडण्याचा दुर्गुणही आला. मखमली काळपट तांबड्या जातींचे दुखणे वेगळे : त्यांच्या पाकळ्यांच्या कडा आपल्या उन्हात करपतात. हे गुलाब वर्ज्य नव्हेत. पण ते अनुभवी हाताचे आहेत. गुलाबाने निगा कमी मागावी, हा विचार आता जगभर मान्यता पावला आहे. अमेरिकेत २००० साली आलेली 'नॉक आउट' ही झुडपी जात केवळ त्या गुणावर घरोघरी पोहोचली. तिचे नाव घेऊन दुकाने धुंडाळण्याचे आपणास कारण नाही; तो गुण आपल्या कुंपणाकडेच्या गावठी गुलाबात पूर्वीपासून आहे.

रोप पारखताना

कलमच घ्यावयाचे असेल, तर फूल असलेले रोप नाकारावे आणि बुडाकडे पाहावे. डोळा भरल्याच्या जागेवरून निदान दोन, शक्यतो तीन, पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या फांद्या निघालेल्या असाव्यात. सांधा पक्का असावा. बोटाने हलविल्यास हलू नये. फांदीचे टोक काळे पडलेले असल्यास ते रोप स्वस्तातही घेऊ नये. खुंट कोणता, हे अवश्य विचारावे. आपल्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीस 'रोझा इंडिका ओडोराटा' किंवा एडवर्ड हा खुंट मानवतो. मल्टिफ्लोराचा खुंट दमट व आम्लधर्मी जमिनीचा. येथे त्यावरील झाड पिवळे पडते.

दूरच्या प्रदेशातून येणारी रोपे अनेकदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. गोळा तसाच खड्ड्यात ठेवल्यास पाणी बाहेरच्या मातीत जाते आणि गोळा आतून कोरडा राहतो. लावण्यापूर्वी रोप गोळ्यासह अर्धा तास पाण्यात ठेवावे आणि कडेची माती बोटांनी हळूच सैल करावी.

जागा, माती आणि पाणी

दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे, पण ते सकाळचे असावे. घराच्या पूर्वेची बाजू सर्वांत उत्तम. दुपारनंतर भिंतीची सावली पडते. पश्चिमेच्या भिंतीलगत गुलाब लावणे म्हणजे त्याला तव्यावर ठेवणेच होय.

काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडून ती तुटतात. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात निम्मी पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली, थोडी जाड वाळू व पाव किलो निंबोळी पेंड मिसळून भरावी. नव्या घराच्या आवारात बांधकामाचा चुना, सिमेंट व विटांचा चुरा मातीत मिसळलेला असतो. तो संपूर्ण काढून टाकावा. खड्डा जमिनीपेक्षा चार बोटे उंच भरावा आणि कलमाचा सांधा मातीच्या थोडा वर राहील असे रोप लावावे. गावठी व टेप्लिट्झ यांत तीन फूट, फ्लोरिबंडात दोन फूट अंतर पुरते.

लागवड मृगात करण्याचा प्रघात असला, तरी येथे दसऱ्यापासून कार्तिकापर्यंतचा काळ अधिक श्रेयस्कर आहे. पाऊस सरलेला असतो, हवा थंड होत जाते आणि उन्हाळा येईपर्यंत मुळांना चार-पाच महिने मिळतात.

पाण्याच्या बाबतीत सर्वाधिक हानी रोज तांब्याभर पाणी घालण्याने होते. त्याने वरची माती ओली होते, मुळे वर येतात आणि दोन दिवस पाणी चुकले की झाड माना टाकते. जमिनीतील झाडास हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात तीन दिवसांआड, पण आळे भरून पाणी द्यावे. आळ्यात उसाचे पाचट, तुरीचे भुसकट किंवा वाळलेला पाला तीन-चार बोटे जाड पसरावा. तो खोडाला चिकटू देऊ नये. बुडाशी सच्छिद्र मडके पुरून ते भरून ठेवल्यास नळाला पाणी नसलेले दिवसही निभावतात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी खुशाल घालावे. कपड्यांचे साबणाचे पाणी आणि जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी घालू नये. ते वाया जाते म्हणून घरोघरी झाडांना घातले जाते आणि त्यानेच पाने कडेने करपतात.

विंधनविहिरीचे जड पाणी सतत दिल्याने कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. चुनखडीच्या मातीत हिराकस टाकला तर तो तेथेच अडकून बसतो. म्हणून एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात थोडा लिंबाचा रस घालून, संध्याकाळी पानांवर फवारावा. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी झाडांच्या आळ्यांत सोडल्यास साचलेले क्षार धुऊन जातात.

छाटणी व रोग

येथे सांगितलेल्या जातींना छाटणी थोडी लागते. ऑक्टोबरच्या मध्यास वाळलेल्या, रोगट व एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढाव्यात आणि उरलेल्यांचा वरचा एक-तृतीयांश भाग छाटावा. छाटणीनंतर सुमारे दीड महिन्याने बहर येतो. पाणी तोडून मुळे उघडी करण्याची जुनी पद्धत आहे. ती मळ्यातल्या जाणत्या बागवानासाठी ठीक. नवशिक्याने त्या वाटेस जाऊ नये. मार्चनंतर छाटणीही नको, खतही नको. उन्हाळ्यात झाड विरूप दिसले तरी त्याची पाने त्याच्या फांद्यांना सावली देत असतात.

शेंडेमर हा येथील खरा वैरी. फांदी टोकाकडून काळी पडू लागताच हिरव्या भागात बोटभर खाली कापावी आणि कापावर बोर्डो मलम लावावे. शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, एकूण एक लिटर पाण्यात मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र केले, की मलम तयार होते. लोखंडी भांडे वापरू नये. माव्यास व फुलकिड्यांस पाच टक्के निंबोळी अर्क पुरे. उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी दिसल्यास सकाळी पाण्याचा जोरकस फवारा मारावा. ठिपके पडलेली पाने वेचून जाळावीत. यापलीकडे औषधांचा खर्च घरबागेत करावा लागला, तर जातीची निवड चुकली असे समजावे.

छाटांची देवघेव

ग्रामीण कार्यकर्त्यांना या कामी फार मोठी सोय उपलब्ध आहे. जवळजवळ प्रत्येक गावात एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात, देवळाच्या किंवा दर्ग्याच्या आवारात, कोणीही निगा न करता वर्षानुवर्षे फुलणारा गुलाब असतो. त्या गावाच्या मातीत व पाण्यात टिकण्याची परीक्षा त्याने देऊन ठेवलेली आहे. ऑक्टोबरमधील छाटणीत निघालेल्या फांद्या अशा वेळी फेकू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब आणि चार-पाच डोळ्यांचे छाट घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत सरळ, वरचा तिरपा घ्यावा, म्हणजे उलट-सुलट होत नाही. वाळू व माती समप्रमाणात भरलेल्या पिशवीत छाट दोन-तृतीयांश पुरून सावलीत ठेवावेत आणि ओलावा राखावा. पाच-सहा आठवड्यांत मुळे धरतात. सर्वच छाट जगत नाहीत, म्हणून लागणाऱ्या झाडांच्या दुप्पट छाट लावावेत.

बचत गटातील भगिनींनी किंवा शाळेतील मुलांनी अशा चाळीस-पन्नास पिशव्या एका हंगामात तयार केल्या, तर गावातील वीस घरांना विकत रोप घ्यावे लागणार नाही. पिशवीवर जातीचे नाव ठाऊक नसले, तरी कोणाच्या परसातील छाट आहे ते लिहून ठेवावे. या रोपांना पहिला उन्हाळा पिशवीतच, झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत काढू द्यावा. एप्रिल-मेमध्ये पिशव्या एकमेकींस खेटून ठेवून भोवती ओले गोणपाट लावावे, आणि पुढील दसऱ्यास ती आळ्यांत लावावीत.